गुरूंचं एक विधान खोटं निघालं, तर त्यांच्या बाकीच्या उपदेशाचं काय करायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. एका गुरूंचं निरूपण तुम्ही बरीच वर्षं ऐकत आहात. रागावर ताबा, घरच्यांशी वागणं, व्यवहारातली सचोटी या बाबतींत त्यांच्या सांगण्याचा तुम्हाला खरोखर उपयोग झाला. अलीकडे त्यांनी मानवी शरीराविषयी एक विधान ग्रंथाचा हवाला देऊन ठामपणे केलं. ते साफ चुकीचं आहे हे तुम्हाला तुमच्या शिक्षणामुळे माहीत होतं. तुम्ही नम्रपणे विचारलंत, तर उत्तर आलं, "तुमची श्रद्धा कमी पडते." आता तुम्ही विचारता: जो इथे चुकला त्याचं नीतीच्या बाबतीत का ऐकायचं? आणि काय घ्यायचं, काय टाकायचं हे मीच ठरवणार असेन, तर गुरू हवा कशाला?

दिसायला हा एक प्रश्न आहे, पण त्यात तीन गुंतलेले आहेत. चूक झाली म्हणजे नेमकं काय झालं, त्या चुकीचा डाग किती लांबवर पसरतो, आणि निवाडा कोणी करायचा. न्याय (ज्ञान आणि तर्क यांचं शास्त्र) आणि मीमांसा (वेदवाक्यांचा अर्थ लावण्याचं शास्त्र) ही दर्शनं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे. तास संपल्यावर मागे रेंगाळणारी मुलं हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. बहुतेकांना वाटतं की आपण तिसऱ्या प्रश्नाशी अडलो आहोत. खरी गाठ दुसऱ्यात असते, म्हणून तिथेच जास्त रेंगाळतो. अर्थात ते विधान नुसतंच अज्ञानाचं होतं की त्यावर विसंबून कुणी औषध बंद करील असं होतं, यावर बरंच अवलंबून आहे. दुसरा प्रकार असेल तर पुढचं सगळं वाचायच्या आधी त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवा. तत्त्वचर्चा थांबू शकते.

सुरुवात कुमारिल भट्टांपासून करतो. सातव्या शतकाच्या सुमाराचे हे मीमांसक, वेदप्रामाण्याचे कट्टर कैवारी. त्यांचं म्हणणं असं की ज्ञान होतं तेव्हा ते खरं म्हणूनच होतं. खरेपणासाठी वेगळा दाखला लागत नाही. लागला असता तर त्या दाखल्यालाही दाखला लागला असता आणि ही साखळी कुठेच संपली नसती. दाखला लागतो तो ज्ञान खोटं ठरवायला. त्याच्या वाटा दोनच. एक, त्याला खोडून काढणारं दुसरं, अधिक बळकट ज्ञान होतं. याला बाधक ज्ञान म्हणतात. दोन, ते ज्ञान ज्या कारणातून आलं त्या कारणातच दोष असल्याचं कळतं. शिंपला चांदीसारखा चमकला, हातात घेतल्यावर शिंपला निघाला, ही पहिली वाट. डोळ्यांना कावीळ झाल्याचं कळलं आणि दिसणाऱ्या पिवळेपणावरचा विश्वास उडाला, ही दुसरी.

या दोन वाटांमधला फरक तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. पहिल्या वाटेने ज्ञान मोडतं तेव्हा तेवढं एकच मोडतं. शिंपला चांदी नव्हता म्हणून शेजारचा दगड दगड नाही असं होत नाही. दुसऱ्या वाटेने मोडतं तेव्हा त्या उगमातून आलेलं सगळंच संशयात येतं. कावीळ झालेल्या डोळ्याने पाहिलेली प्रत्येक पिवळी वस्तू पुन्हा तपासावी लागते.

तुमच्या गुरूंचं शरीराविषयीचं विधान पहिल्या वाटेने मोडलं आहे. तुमच्याकडे अधिक बळकट ज्ञान होतं, त्याने ते खोडलं, विषय संपला. रागाविषयी त्यांनी सांगितलेलं कशानेही खोडलं गेलेलं नाही. उलट तुम्ही ते वापरून पाहिलं आणि ते टिकलं. मग उरतो एकच प्रश्न: ही चूक उगमातला एखादा दोष उघड करते का, आणि करत असेल तर कोणता?

बोलणाऱ्याच्या दोषांचा विचार न्यायदर्शनाने फार नेमका केला आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे या दर्शनाच्या मूळ ग्रंथात, शब्दप्रमाणाची (दुसऱ्याच्या शब्दावरून ज्ञान मिळण्याच्या साधनाची) व्याख्या आप्ताचा उपदेश अशी आहे. आप्त म्हणजे विश्वास ठेवावा असा माणूस. भाष्यकार वात्स्यायन त्याच्या तीन खुणा सांगतात. त्याने गोष्ट स्वतः अनुभवलेली असते, त्याच्या मनात प्राणिमात्रांविषयी दया असते, आणि जे जसं आहे ते तसंच सांगण्याची त्याला इच्छा असते. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखंच लागू आहे, असंही ते भाष्यात म्हणतात. जात, वेश, आसनाची उंची यांतलं काहीही त्या लक्षणात नाही. मला स्वतःला हे भाष्यातलं सगळ्यात धीट वाक्य वाटतं.

आता तुमच्या गुरूंची चूक या तीन खुणांपैकी कुठे बसते ते पाहा. पहिली खूण त्या विषयापुरती नसेल, म्हणजे शरीरशास्त्र त्यांनी अभ्यासलेलं नसेल, तर दोष त्या विषयापुरता राहतो. रागाशी ते आयुष्यभर झुंजले असतील तर रागाविषयी ते आप्त आहेतच. पण तिसरी खूण नसेल, म्हणजे खरं काय ते माहीत असून किंवा ते जाणून घ्यायची पर्वाच नसून ते बोलले असतील, तर तो दोष एका विषयात मावत नाही. जो इथे सोयीचं बोलला तो तिथेही सोयीचंच बोलत असेल. दुसऱ्या खुणेचंही तसंच. दया नसलेल्या माणसाचं नीतीविषयीचं बोलणं कितीही तर्कशुद्ध असलं तरी मी ते जपूनच घेतो.

अज्ञानाने नीतीचा अधिकार जात नाही, या बाजूने सगळ्यात मजेशीर युक्तिवाद बौद्ध तार्किक धर्मकीर्तींचा आहे. बुद्ध सर्वज्ञ होते का, या वादात ते म्हणतात, जगात किडे किती हे त्यांना ठाऊक असण्याचा आपल्याला काय उपयोग? काय टाकावं, काय स्वीकारावं आणि त्याचे उपाय कोणते, हे ज्याला कळतं तो प्रमाण. मग ते टोला मारतात: लांबचं दिसणं हेच प्रमाण असेल, तर चला, गिधाडांची उपासना करू. हे वर्गात सांगितलं की मुलं हसतात, आणि हसता हसता मुद्दा त्यांच्या गळी उतरतो. चमत्काराने किंवा अफाट माहितीने दिपून ज्याला गुरू केला त्याच्याकडून आपण भलतीच वस्तू मागत होतो.

मात्र इथे थांबलो तर उत्तर फार सोपं होईल. दुसरी बाजू न्यायसूत्रांतच आहे. वेद प्रमाण का, याचं एक कारण ती देतात: मंत्र आणि आयुर्वेद यांचं फळ दिसतं, ते खरं ठरतं, तसंच हेही, कारण सांगणारे आप्त तेच. म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीत खरा ठरला म्हणून न दिसणाऱ्या गोष्टीतही त्याच्यावर विश्वास. ठीक आहे. पण या वाटेने विश्वास पुढे जात असेल, तर अविश्वासालाही तीच वाट मोकळी आहे. दिसणाऱ्या गोष्टीत खोटा ठरला तर न दिसणाऱ्या गोष्टीतली त्याची पत कमी व्हायलाच हवी. यश त्यांचं आणि अपयश आपलं, असा व्यवहार चालत नाही.

तेव्हा स्वतःला विचारा की तुमचा त्यांच्यावरचा विश्वास मुळात कशावर उभा होता. 'त्यांना सगळं कळतं' यावर असेल तर तो आता मोडला आहे, आणि मोडलेलाच बरा. 'त्यांनी सांगितलं तसं वागलो आणि माझं वागणं सुधारलं' यावर असेल तर त्याला धक्का लागायचं कारण नाही. दाव्याचा आकार केवढा होता, हे चुकीचा हिशेब करताना आधी पाहावं लागतं. कॅथलिक चर्चने 1870 साली पोपच्या अचूकतेचा सिद्धांत जाहीर केला, पण तो श्रद्धा आणि नीती या विषयांवर पोप आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने बोलतील तेवढ्यापुरताच ठेवला. त्या चौकटीत ग्रहताऱ्यांचं काही येत नाही. 1633 मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली तेव्हा रोमच्या धर्मन्यायालयाने मात्र पृथ्वी फिरते की नाही यावरच आपली पत लावली होती. त्याची किंमत चर्चला शतकानुशतकं मोजावी लागली. तुमच्या गुरूंनी 'माझा प्रत्येक शब्द सत्य' असा दावा केला होता का? की तो शिष्यांनीच त्यांच्या वतीने करून टाकला? हे दुसरं फार वेळा घडतं.

प्रामाणिक माणूस इतक्या ठामपणे चूक कसा बोलतो, असंही तुम्हाला वाटत असेल. त्याचं उत्तर मला प्रभाकर मिश्रांच्या मतात सापडतं. हे मीमांसक म्हणतात की चुकीचं ज्ञान असं काही नसतंच. शिंपल्याजागी चांदी दिसते तेव्हा दोन खरी ज्ञानं एकत्र आलेली असतात: समोर काहीतरी चमकतंय हे प्रत्यक्ष, आणि पूर्वी पाहिलेल्या चांदीची आठवण. दोन्हींमधला भेद लक्षात येत नाही, एवढंच घडतं. या मताला अख्यातिवाद म्हणतात. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ते खोडायचा कसून प्रयत्न केला, आणि सिद्धांत म्हणून मलाही ते पुरं पटत नाही. पण अधिकारी माणसांच्या चुका समजून घ्यायला ते फार कामाचं आहे. निरूपण करणारा माणूस स्वतःच्या साधनेतून काही सांगतो, मध्येच लहानपणी ऐकलेलं, कुठेतरी वाचलेलं सांगतो, आणि कोणतं अनुभवलेलं व कोणतं ऐकलेलं यांतली सीमा त्याच्या स्वतःच्याच मनात पुसली जाते. आवाज मात्र दोन्हींना सारखाच लागतो. ऐकणाऱ्याने ती सीमा पुन्हा आखायची असते: हे यांनी केलेलं आहे की यांनी ऐकलेलं आहे?

इथवर मी गुरूंच्या बाजूने झुकून बोललो. आता त्यांच्या उत्तराकडे येतो, कारण मला विधानापेक्षा ते उत्तर जास्त खटकलं.

न्यायसूत्रांत एक आक्षेपक म्हणतो, वेदवचन प्रमाण नाही, कारण त्यात खोटेपणा, परस्परविरोध आणि पुनरुक्ती आहे. खोटेपणाचं उदाहरण भाष्यात येतं: मुलगा व्हावा म्हणून सांगितलेली इष्टी (एक प्रकारचा यज्ञ) केली, आणि मुलगा झाला नाही. सूत्रकार उत्तर देतात, दोष वचनात नाही. कर्मात, कर्त्यात किंवा साधनांत काही उणीव राहिली असेल. वात्स्यायन या उणिवा एकेक करून मोजतात: कर्ता अडाणी किंवा दुराचारी, हवी, म्हणजे अग्नीत अर्पायचं द्रव्य, नीट संस्कार न केलेलं, मंत्रांत स्वर किंवा अक्षर कमीजास्त, दक्षिणा गैरमार्गाने आलेली.

"तुमची श्रद्धा कमी पडते" हा याच उत्तराचा लांबचा नातेवाईक आहे, पण दोघांत एक मोठा फरक आहे. वात्स्यायनांच्या यादीतल्या उणिवा निदान तपासता येतात. मंत्रात अक्षर गळलं की नाही हे ऐकणारा तिसरा माणूस सांगू शकतो, दक्षिणा कुठून आली हे शोधता येतं. फळाकडे न पाहता दोष वेगळा दाखवता येतो, म्हणून ते उत्तर, तुम्हाला पटो न पटो, उत्तर तरी आहे. श्रद्धा कमी पडली हे कशावरून? तर शंका आली यावरून. आणि शंका का आली? तर श्रद्धा कमी पडली म्हणून. हे वर्तुळ आहे. त्यात जगातली कोणतीही चूक मावते, म्हणून ते काहीच सिद्ध करत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत ते जागाही चुकलेलं आहे. इष्टीमध्ये कर्ता तुम्ही असता, तुमची उणीव फळाच्या आड येऊ शकते. शरीराची रचना तुमच्या श्रद्धेवर अवलंबून नाही.

म्हणून मी विधानाला पहिल्या वाटेत टाकलं, आणि त्या उत्तराला दुसऱ्या वाटेचा संशय म्हणतो. नुसता संशय, अजून सिद्ध झालेला नाही. माणूस चारचौघांत अडचणीत आला की असं बोलून जातो. तेच उत्तर शांतपणे, एकांतात, पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र उगमात दोष आहे असं मी समजेन.

उगमातल्या दोषांत लोभाचा दोष ओळखायला सगळ्यात सोपा, आणि परंपरेने तो स्वतःच्या घरातही शोधला आहे. सोमयागात मंडपात उंबराचा एक खांब असतो. त्याला स्पर्श करून साम गावं, असं श्रुतिवचन, म्हणजे वेदातलं वचन, आहे. एक स्मृतिवचन, म्हणजे वेदाखालोखाल मानलेल्या परंपरेतलं वचन, म्हणतं, तो खांब पूर्ण कापडाने गुंडाळावा. पूर्ण गुंडाळला तर स्पर्श कसा करणार? मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी आपल्या भाष्यात श्रुतीला मान देतात आणि स्मृतीचं मूळ रोखठोक सांगतात: कापड आपल्याला मिळावं या लोभाने कुणीतरी खांब पूर्ण गुंडाळला असणार. आधी विरोध दाखवायचा, मग हेतू दाखवायचा. हे वेद प्रमाण मानणाऱ्या, यज्ञावर आयुष्य वाहिलेल्या माणसाने लिहिलं आहे. तेव्हा 'या नियमाने कापड कुणाच्या घरी जातं' असं विचारणं म्हणजे अश्रद्धा, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आता थोडं पलीकडे जातो. वस्तुस्थितीची चूक तुम्हाला दिसली कारण तुमच्याकडे तपासायचं साधन होतं. नीतीतली चूक कशी दिसणार? तिथे हातात घेऊन पाहायला शिंपला नाही. मीमांसक तर म्हणतात की धर्म प्रत्यक्षाचा विषयच नाही, तो विधिवाक्यानेच, म्हणजे वेदातल्या 'हे करावं' अशा आज्ञेनेच, कळतो. मग तिथे बाधक ज्ञान कुठून आणायचं?

मला वाटतं, ज्यांच्यावर नियम पडतो त्यांच्या तोंडून. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एक श्लोक आहे: ज्याचा शेवट दुःखात होतो आणि ज्याविरुद्ध लोक आक्रोश करतात असा धर्मही सोडून द्यावा. वाचताना दचकायला होतं, कारण त्याच ग्रंथातल्या नियमांविरुद्ध केवढा आक्रोश साठत गेला हे आपल्याला माहीत आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं, ते त्यातल्या विश्वोत्पत्तीच्या वर्णनात चुका सापडल्या म्हणून नव्हे. माणसाला माणसाखाली ठेवणाऱ्या आज्ञांसाठी झालं. तुम्ही चूक शोधताय ती शरीराच्या माहितीत. ज्या उपदेशाला तुम्ही निर्धोक म्हणून बाजूला ठेवला आहे, बायकांनी कसं वागावं, सेवा कुणी कुणाची करावी, त्यात एखादं वाक्य असं नाही ना, ज्याचा भार नेहमी दुसऱ्याच कुणावर पडतो, हेही एकदा पाहा. चूक तिथे असेल तर ती तुमच्या शरीरशास्त्राच्या चुकीपेक्षा कितीतरी जड आहे.

राहिला तिसरा प्रश्न: ठरवणारा मीच, मग गुरू कशाला?

ठरवणारे तुम्हीच होतात, पहिल्या दिवसापासून. या गुरूंकडे जायचं, दुसऱ्यांकडे नाही, हे तुम्हीच ठरवलं. 'मी सगळं त्यांच्यावर सोपवलं' म्हणणाऱ्याने सोपवायचा निर्णय स्वतःच घेतलेला असतो. त्यातून सुटका नाही. पण कुणावर विश्वास ठेवायचा हे ठरवणं वेगळं आणि स्वतःच ज्ञानाचा उगम होणं वेगळं. पहिलं केलं म्हणून दुसरं होत नाही.

तुकोबांची ओळ आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते: "सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥" ती आठवून पुष्कळ जण मनाला वाटेल ते खरं मानायला मोकळे होतात. त्याच तुकोबांनी आपल्या मनाला केवढं झोडपलं आहे, हे गाथा चाळणाऱ्याला सांगायला नको. कालाम नावाच्या लोकांना बुद्धांनी केलेल्या उपदेशाचंही असंच अर्धं उद्धरण चालतं. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून स्वीकारू नका, इथपर्यंत लोक सांगतात. त्याच यादीत नुसत्या तर्कावरून आणि आपल्या आधीच्या मताशी जुळतं म्हणून स्वीकारू नका, हेही आहे. त्यापुढे कसोट्या येतात: यातून लोभ, द्वेष, मोह वाढतात का, आणि शहाणी माणसं याची निंदा करतात का. म्हणजे निवाडा तुमचा, पण एकट्याचा नाही.

तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरू सांगतात, आमची जी चांगली आचरणं असतील तेवढीच तू घे, इतर नको. पुढे म्हणतात, कसं वागावं याची शंका आली तर विचारी, धर्मावर प्रेम असलेली आणि कठोर नसलेली माणसं तिथे कशी वागतात ते पाहा. गुरू स्वतःच शिष्याच्या हाती चाळणी देतात. चाळणी हिसकावून घेणारा गुरू आणि देणारा गुरू, यांत मी कुणाकडे जाईन हे सांगायची गरज नाही.

माझ्या अनुभवात या टप्प्यावर माणसं एका ठिकाणी फसतात. गुरूंची चूक सापडली की उपदेशातला नेमका गैरसोयीचा भाग गळून पडतो: पहाटे उठणं, उसने घेतलेले पैसे वेळेवर परत करणं, रागावल्यावर आधी माफी मागणं. म्हणून मी मुलांना कागद घ्यायला लावतो. जे सोडावंसं वाटतंय ते लिहा, आणि समोर कारण लिहा: खोडलं गेलं, की उगम दूषित वाटतो, की मला जड जातं? तिसऱ्या प्रकारातलं आत्ता सोडू नका.

तुमच्या जागी मी असतो तर एवढं केलं असतं. शरीराविषयीचं ते विधान टाकून दिलं असतं, आणि कुणी विचारलं तर चूक आहे असं सांगितलं असतं. रागाविषयीचं, सचोटीविषयीचं ठेवलं असतं, ते 'त्यांनी सांगितलं' म्हणून नव्हे, वापरून टिकलं म्हणून. मग सभेत नाही, एकांतात वेळ मागून तोच प्रश्न पुन्हा विचारला असता, पुरावा सोबत नेऊन. 'पाहतो', 'मला माहीत नव्हतं', किंवा रागावून का होईना पण पुराव्याविषयी काहीतरी बोलणं, यांतलं काहीही आलं तर नातं टिकवण्याजोगं आहे. पुन्हा तुमच्या श्रद्धेचंच माप निघालं, किंवा पुढच्या निरूपणात नाव न घेता तुमचाच दाखला दिला गेला, तर शिकलात ते घेऊन तिथून निघा. त्यांना नमस्कार करून निघा. त्यांच्यामुळे राग आवरायला शिकलात, ते काही खोटं नव्हतं.